पुरवठादाराची भेटवस्तू दारात आली तर: सरकारी नोकरीत असणाऱ्यांसाठी

वसुबारसेच्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा काजूकतलीचा डबा उघडलेला होता. धाकटीनं दोन वड्या तोंडात टाकल्या होत्या. बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसातले कुणीतरी देऊन गेले, बसले पण नाहीत." डब्यातला पुठ्ठा उचलला तर खाली दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं आणि एक व्हिजिटिंग कार्ड. कार्डावरचं नाव मला तोंडपाठ होतं. त्याच माणसाचं शाळेच्या बाकांचं दरपत्रक माझ्या टेबलावरच्या फाइलला लावलेलं होतं.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी भांडार शाखेत कनिष्ठ लिपिक होतो. नाणं कपाटात ठेवलं. परत द्यायचं हे मनात होतं, पण पाडवा गेला, भाऊबीज गेली, आणि नंतर नेऊन द्यायची लाज वाटायला लागली. फेब्रुवारीत बाक आले. आदेशात १८ गेजचा पाइप होता. पहिलाच बाक उचलला आणि तो हाताला हलका लागला. पुरवठादार समोर उभा होता. "माप घेऊ या" एवढंच म्हणायचं होतं, पण ते माझ्या तोंडून निघेना. अखेर देयक लेखा शाखेत गेलं, तिथल्या बाईंनी ते अडवलं, जाडी मोजायचा व्हर्निअर मागवला आणि पाइप २० गेजचा, म्हणजे जास्त पातळ, निघाला. सगळे बाक परत गेले. तो हलका पाइप माझ्या हातानं आधी ओळखला होता आणि तरीही मी गप्प राहिलो, हे मला आजही विसरता आलेलं नाही.

पुढची सगळी नोकरी भांडार आणि आस्थापना या दोनच शाखांत गेली. नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगत आलो, ते इथे सविस्तर लिहितो आहे. लिपिक, भांडारपाल, कनिष्ठ अभियंता, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, ज्यांच्या सहीनं किंवा शेऱ्यानं कुणाचं तरी देयक पुढे सरकतं, अशा सगळ्यांसाठी हे आहे.

पहिली पायरी: किंमत नंतर, माणूस आधी

भेट आली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो "कितीची असेल?" हाच प्रश्न चुकीच्या वाटेला नेतो. आधी विचारायचं ते हे: या माणसाचं कुठलंही काम माझ्या टेबलावर आहे का, पूर्वी होतं का, पुढे येण्याची शक्यता आहे का?

हा प्रश्न मी मनानं काढलेला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ चं कलम ११ नेमकं हेच विचारतं. लोकसेवकानं आपल्या कामाशी संबंध आलेल्या, येत असलेल्या किंवा येण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीकडून मोबदला न देता, किंवा अपुरा आहे हे ठाऊक असलेला मोबदला देऊन, गैरवाजवी लाभ घेतला तर तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. या कलमातले तीन बारकावे नीट लक्षात घ्या, कारण सगळी पळवाट तिथेच बंद होते.

पहिला, काळाचा. निविदा अजून निघालेली नाही, किंवा काम संपून देयकही निघालं, म्हणून भेट निर्धोक होत नाही. मागचा आणि पुढचा संबंध दोन्ही धरले जातात. दुसरा, साहेबांचा. फाइल तुमच्या टेबलावर नसून तुम्ही ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांच्या टेबलावर असेल, तरी संबंध जुळतो. स्वीय सहायक, वाहनचालक आणि शिपाई यांनी हे खास ध्यानात घ्यावं. तिसरा, "अपुरा मोबदला". ठेकेदाराच्या गॅरेजात गाडीचं काम निम्म्या पैशात करून घेतलं, त्याच्या स्कीममधला फ्लॅट इतरांपेक्षा स्वस्तात घेतला, तर पैसे दिले होते एवढं सांगून भागत नाही.

याखेरीज कलम ७ आहे, ज्याला आपण सरळ लाच म्हणतो ते. त्यात तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तिथे स्पष्टच लिहिलं आहे की गैरवाजवी लाभ घेणं हाच गुन्हा. काम नियमात बसत होतं, फाइल योग्यच मंजूर केली, हा बचाव होत नाही. "मी चुकीचं काही केलंच नाही, त्यांनी आनंदानं दिलं" हे वाक्य मी आस्थापना शाखेत बसून अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. चौकशीत त्या वाक्याला काही किंमत राहत नाही. आणि लाभ म्हणजे फक्त पैसा नाही. पैशात मोजता न येणारी गोष्टही कायद्यानं त्यात धरली आहे. मुलाला कंपनीत चिकटवून देणं, कॉलेजात जागा मिळवून देणं, हेही त्यात येऊ शकतं.

दुसरी पायरी: आपल्याला लागू असलेला वर्तणूक नियम काढून वाचा

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेत असाल तर जिल्हा सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम. केंद्राच्या कार्यालयात असाल तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४. सनदी अधिकाऱ्यांसाठी अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे नियम. अनुदानित खाजगी शाळेतले शिक्षक आणि लिपिक "आम्ही सरकारी नाही" म्हणतात. पण सरकारी मदत घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या दृष्टीनं लोकसेवकच आहे. महानगरपालिका, महामंडळ, विद्यापीठ, सगळे त्यात आले.

केंद्राचा नियम १३ मी थोडा उलगडून सांगतो, कारण त्याच्यावरून गोंधळ सर्वांत जास्त होतो. कर्मचाऱ्यानं स्वतः भेट घ्यायची नाही, कुटुंबातल्या कुणालाही घेऊ द्यायची नाही आणि आपल्या वतीनं दुसऱ्या कुणालाही घेऊ द्यायची नाही, ही सुरुवात. भेट या शब्दात फुकट प्रवास, फुकट राहणं-जेवण, फुकट सेवा हे सगळं धरलं आहे. लग्न, वाढदिवस, धार्मिक कार्य अशा प्रसंगी जवळचे नातेवाईक आणि ज्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही असे मित्र यांच्याकडून रीतीप्रमाणे भेट घेता येते. मात्र ती गट अ साठी २५,००० रुपये, गट ब साठी १५,००० आणि गट क साठी ७,५०० रुपयांहून जास्त किमतीची असेल तर शासनाला कळवावं लागतं. याशिवाय इतर वेळी गट अ आणि ब ला ५,००० व गट क ला २,००० रुपयांच्या वरची भेट मंजुरीशिवाय घेता येत नाही. ही शेवटची रक्कम २०१९ मध्ये वाढवली गेली.

हे आकडे वाचून "म्हणजे ५,००० पर्यंत चालतं" असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. पुरवठादाराच्या बाबतीत तो अर्थ घेऊ नका. कलम ११ मध्ये किमान रकमेची कुठली रेघ नाही, आणि वर्तणूक नियमांचा पायाच नितांत सचोटीचा आहे. ज्याचं देयक तुमच्याकडे आहे त्याच्याकडून आलेली ४०० रुपयांची वस्तूही मी परतच करायला सांगेन. राज्याच्या नियमातल्या रकमा केंद्रापेक्षा वेगळ्या आहेत आणि शासन त्या वेळोवेळी सुधारतं, म्हणून आस्थापना शाखेतून अद्ययावत प्रत मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

मग चहाचं काय? नियमातच टीप आहे: सहज झालेलं जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट, साधा पाहुणचार ही भेट समजली जाणार नाही. आणि लगेच दुसरी टीप आहे: कामाचा संबंध असलेल्या व्यक्तीकडून किंवा फर्मकडून थाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा. दोन्ही टिपा एकत्र वाचायच्या. साइटवर उन्हात उभं असताना ठेकेदाराच्या माणसानं चहा दिला, तर प्या. रोज दुपारचं जेवण त्याच्याच डब्यातून येत असेल, किंवा शनिवारी रात्री ढाब्यावर बसणं ठरून गेलं असेल, तर ते थांबवा.

भेट कुठल्या रूपात येते

पेटीत, रंगीत कागदात गुंडाळून येते ती भेट ओळखायला सोपी. बाकीची रूपं अशी आहेत की नव्या माणसाला ती भेट वाटतच नाहीत.

कनिष्ठ अभियंत्याचं उदाहरण घ्या. साइट पस्तीस किलोमीटर आत, एसटी दिवसातून दोनदा, कार्यालयाची जीप बिघडलेली. ठेकेदार म्हणतो, "साहेब, गाडी पाठवतो." कधी तरी बसावंच लागतं, मला ते कळतं. अशा वेळी तीन गोष्टी करा: जाण्यापूर्वी उपअभियंत्यांना मेसेज करा की वाहन उपलब्ध नाही, ठेकेदाराच्या वाहनानं जात आहे, दौऱ्याच्या अहवालात तसं लिहा, आणि त्या दिवसाचा प्रवास भत्ता त्या अंतरासाठी मागू नका. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि त्यातच अडकतात. ठेकेदाराच्या गाडीतून जायचं आणि देयकात एसटीचं भाडं लावायचं, हा वेगळाच गुन्हा होतो. महिन्यातून दोनदापेक्षा जास्त अशी वेळ येत असेल तर वाहनाची मागणी लेखी करा. मागणीचं पत्र जावक नोंदवहीत चढलेलं असलं की ते पुढे तुमच्याच कामी येतं.

कारखान्यात जाऊन माल तपासायचा असतो, तेही असंच. यंत्रसामग्री पाठवण्याआधी तपासणी करण्याची अट असते आणि पुरवठादार विमानाचं तिकीट, हॉटेल, वर एक दिवसाचं फिरणं असं सगळं मांडतो. तपासणीचा खर्च कुणी करायचा ते निविदेच्या अटींत आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलेलं नसेल तर कार्यालयाच्या खर्चानं जा, आपल्या दर्जाप्रमाणे प्रवास करा आणि काम संपलं की परत या.

लग्नाचा विषय तर फारच नाजूक. मुलीचं लग्न ठरलं की मंडपवाला, हॉल, केटरिंग यांत "आपल्याच माणसाचं आहे, बघून घेतो" म्हणणारे ठेकेदार पुढे येतात. प्रत्येक देयक स्वतःच्या नावावर घ्या, पैसे बँकेतून द्या आणि पावत्या जपून ठेवा. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापलंत तरी पाकिटं येणारच. आपल्याकडे आहेराची वही लिहायची पद्धत आहे, तिचा इथे फार उपयोग होतो. लग्नानंतर आठवड्याभरात ती वही घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे एकच पाहा: याचं काम आपल्या कार्यालयात आहे का? ज्यांचं आहे त्यांचं पाकीट पत्रासह परत. नातेवाइकांकडून मर्यादेवरचं काही आलं असेल तर त्याची माहिती कार्यालयाला कळवा.

उसने पैसे ही भेटच असते, फक्त तिला परतफेडीचं नाव असतं. ज्याच्याशी कामाचा संबंध येतो किंवा येऊ शकतो त्याच्याकडून कर्ज घेण्याला वर्तणूक नियमांत मनाई आहे. दवाखान्याचं निमित्त असलं तरीही. मी असा एक सहकारी पाहिला आहे, ज्यानं आईच्या ऑपरेशनसाठी कंत्राटदाराकडून पैसे घेतले, दर महिन्याला प्रामाणिकपणे परत केले आणि तरीही चौकशीत कोलमडला. परतफेड रोखीनं केली होती, कागद एकही नव्हता. भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम, कर्मचाऱ्यांची पतसंस्था, नातेवाईक हे दरवाजे आधी ठोठावा.

बालपणीचा मित्र पुरवठादार झाला तर? मैत्री सोडायची नाही. त्याची फाइल सोडायची. "सदर निविदाकार माझे निकटचे परिचित असल्याने ही नस्ती अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावी," एवढी टिपणी वरिष्ठांकडे सादर करा. घरातलं कुणी त्या फर्ममध्ये नोकरीला असेल तर हे ऐच्छिक राहत नाही. नियमानंच ते प्रकरण वरिष्ठांकडे द्यावं लागतं.

डायऱ्या आणि कॅलेंडर यांबद्दल मला दरवर्षी विचारलं जाई. भिंतीवर लावायचं साधं कॅलेंडर कार्यालयाच्या नावानं आलं, आवक शाखेत नोंदलं आणि भिंतीवर लागलं, तर माझी हरकत नाही. चामडी डायरी, पेनसेट, पॉवर बँक, ज्यावर तुमचं नाव छापलेलं आहे, ते परत.

तिसरी पायरी: वस्तू आलीच, आता हात कसे चालवायचे

शक्य असेल तर दारातच नको म्हणा. आवाज चढवू नका, माणसाचा अपमान करू नका. आणणारा बहुतेक वेळा पगारी नोकर असतो. "आमच्या साहेबांना चालत नाही, परत घेऊन जा, नाहीतर आम्हाला ऑफिसात जमा करावं लागेल." घरातल्या सगळ्यांना हे वाक्य शिकवून ठेवा, सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा. माझ्या बाबतीत चूक माझ्या बायकोची नव्हती. मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं.

आणणारा ठेवून पळाला, तर उघडू नका. आत काय आहे हे कुतूहल स्वाभाविक आहे, पण पेटी उघडली की तिच्यात काय होतं यावर वाद सुरू होतो. आहे तशी ठेवा, मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, त्यात पेटीवरची चिठ्ठी किंवा कार्ड दिसू द्या. लगेच कार्यालयप्रमुखांना मेसेज करा. फोन नको, मेसेज किंवा ईमेल, कारण त्याची वेळ नोंदली जाते. दुसऱ्या दिवशी, आणि सुट्टी असेल तर कार्यालय उघडेल त्या दिवशी, पत्र लिहून वस्तू शिपायाबरोबर किंवा कुरिअरनं परत पाठवा. पत्र असं:

"प्रति, (फर्मचे नाव व पत्ता).
विषय: भेटवस्तू परत करण्याबाबत.
दि. ___ रोजी सायं. ___ वाजता माझ्या निवासस्थानी माझ्या अनुपस्थितीत आपल्या नावे एक बंद पेटी ठेवण्यात आली. आपल्या फर्मचे दरपत्रक / देयक या कार्यालयात प्रक्रियेत असल्याने कोणतीही भेट मला स्वीकारता येत नाही. सदर पेटी न उघडता, आली तशी, या पत्रासोबत हस्तपोच परत करीत आहे. कृपया पोच द्यावी. यापुढे मला अथवा माझ्या कुटुंबीयांना कोणतीही वस्तू पाठवू नये.
प्रत: कार्यालयप्रमुख यांना माहितीसाठी सादर."

पत्राला जावक क्रमांक घ्या. पोचेवर सही, तारीख आणि शिक्का घ्या. एक प्रत स्वतःच्या घरच्या फाइलमध्ये ठेवा आणि दुसरी त्या खरेदीच्या फाइलला लावायला सांगा. बदली झाली तरी घरची फाइल फेकू नका. तक्रारी चार-पाच वर्षांनीही येतात.

फर्म परत घेतच नाही म्हणते, असंही होतं. मग तसा शेरा शिपायाकडून लिहून घ्या आणि वस्तू यादीसह कार्यालयप्रमुखांकडे लेखी जमा करा. मिठाई, फळं अशा नाशवंत गोष्टी असतील तर त्यांचं काय करायचं हे तुम्ही ठरवू नका. वरिष्ठांनी लेखी आदेश दिला की जवळच्या वसतिगृहाला किंवा अनाथाश्रमाला द्या आणि त्यांची पावती फाइलला लावा. "ऑफिसात सगळ्यांनी वाटून खाल्लं, लपवलं तर नाही ना," असं समाधान करून घेऊ नका. वाटून खाल्लं तर सगळ्यांनीच घेतलं असा त्याचा अर्थ होतो.

पाकिटात रोख असेल तर

इथे वरची पायरी लागू नाही. रोख रक्कम ही भेट नसते. नोटांना हात लावू नका, मोजू नका, गुपचूप परतही करू नका. कारण परत केल्याचा पुरावा राहत नाही आणि घेतल्याचा मात्र कुणीही उभा करू शकतो. त्याच क्षणी दोन सहकाऱ्यांना बोलवा, वरिष्ठांना लेखी कळवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक फक्त नागरिकांसाठी आहे असा समज आहे. लाच देऊ पाहणाऱ्याविरुद्ध कर्मचारीही तक्रार करू शकतो. लाच देणं किंवा देऊ करणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्याला देण्यास भाग पाडलं गेलं असेल आणि त्यानं सात दिवसांत यंत्रणेला कळवलं, तर मात्र कायदा त्याला संरक्षण देतो. हा लेख वाचणाऱ्या छोट्या पुरवठादारांनी ही सात दिवसांची मुदत लक्षात ठेवावी.

सापळा कसा असतो हे बहुतेकांना ऐकून माहीत आहे: नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावलेली असते, पंच हजर असतात, आणि हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पंच म्हणून बहुधा दुसऱ्या कार्यालयातले सरकारी कर्मचारीच नेमले जातात. मी एकदा पंच होतो. टेबलावरच्या काचेच्या भांड्यात समोरच्या माणसाची बोटं बुडाली आणि पाण्याला रंग चढला, तेव्हा खोलीत कुणीच काही बोललं नाही. अटकेत ४८ तासांहून जास्त काळ राहिलं की निलंबन झाल्याचं मानलंच जातं. पुढे विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला दोन्ही समांतर चालू शकतात. एकात सुटलं म्हणून दुसऱ्यात सुटका होतेच असं नाही.

साहेबच घेत असतील तर

सर्वांत कठीण जागा ही. पुरवठादार पिशवी तुमच्याकडे देतो आणि म्हणतो, "साहेबांना पोचवा." किंवा साहेबच म्हणतात, "अमुक येतील, त्यांच्याकडून घेऊन ठेव." तुमच्या हाती काही लागणार नसेल, पण गुन्ह्याला मदत करणं कलम १२ खाली येतं आणि त्याची शिक्षा तीन ते सात वर्षं आहे. पिशवी वाहणारा हात हाही गुन्ह्यातलाच हात.

नकार द्यायचा तो साध्या शब्दांत. "साहेब, मला हे जमणार नाही, तुम्ही त्यांच्याशी थेट बोलून घ्या." कारणं सांगत बसू नका, उपदेश करू नका. तोंडी आदेशाचा आग्रह झाला तर लेखी आदेश मागा. वरिष्ठांनी आदेश शक्यतो लेखी द्यावेत आणि तोंडी दिले असतील तर ते नंतर लेखी पक्के करावेत, अशी वर्तणूक नियमांतच तरतूद आहे. लेखी आदेश येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. थांबली नाही आणि त्रास सुरू झाला, तर तारीखवार नोंदी ठेवा आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, केंद्रीय कार्यालयात मुख्य दक्षता अधिकाऱ्यांकडे, किंवा लाचलुचपत विभागाकडे जा. याची किंमत मोजावी लागते, कधी बदलीच्या रूपानं, हे मी लपवणार नाही. एकट्यानं जाऊ नका. संघटनेतल्या विश्वासू माणसाला किंवा वकिलाला आधी सगळं दाखवा.

गणपती, सत्यनारायण आणि निरोप समारंभ

कार्यालयातल्या पूजेची वर्गणी कर्मचाऱ्यांनी आपापसात काढावी. ठेकेदाराकडे पावतीपुस्तक नेणं म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय न ठेवणं. देवाच्या नावानं घेतलं म्हणून ते वेगळं ठरत नाही. मंजुरीशिवाय वर्गणी गोळा करण्यावरही नियमांत बंधन आहे. निवृत्तीचा समारंभ खाजगी आणि साध्या स्वरूपाचा असावा. शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांनी पैसे काढून दिलेली भेट इथपर्यंत ठीक. हॉलचं भाडं किंवा जेवणाचा खर्च पुरवठादारानं उचललेला नसावा. निवृत्त होणाऱ्यानं हे स्वतः विचारून घ्यावं, कारण त्याच्या नावावर दुसरेच हे ठरवत असतात.

सरकारी डॉक्टरांसाठी दोन ओळी. औषध कंपन्यांच्या विपणनाची आचारसंहिता केंद्रानं १२ मार्च २०२४ रोजी जाहीर केली. तिच्यात डॉक्टर आणि त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू देण्यास मनाई आहे. औषधांची मागणी किंवा खरेदी तुमच्या सहीनं होत असेल तर कंपनीचा पेनसुद्धा परत द्या. मुख्याध्यापकांनी गणवेश, वह्या आणि स्वाध्याय पुस्तिका विकणाऱ्यांच्या बाबतीत तसंच वागावं.

दसऱ्याच्या आधी करायची तयारी

भेटी येऊ लागल्यावर नाही म्हणण्यापेक्षा त्या निघायच्या आधीच रोखणं फार सोपं. कार्यालयप्रमुखांना सांगून दसऱ्याच्या आसपास सगळ्या पुरवठादारांना एक परिपत्रक ईमेल करा आणि दर्शनी भागात लावा: "या कार्यालयातील कोणत्याही अधिकारी-कर्मचाऱ्यास अथवा त्यांच्या कुटुंबीयांस सणानिमित्त कोणतीही वस्तू पाठवू नये. आल्यास ती परत केली जाईल व त्याची नोंद फर्मच्या नस्तीत घेतली जाईल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १७५ खरेदी करणारा आणि बोली लावणारा दोघांनाही सचोटीच्या संहितेनं बांधतो. हीच अट निविदेत आणि पुरवठा आदेशात घातली की पुरवठादारालाही आपल्या वरच्यांना सांगायला कारण मिळतं. मी पाहिलं आहे, पुष्कळ छोट्या पुरवठादारांना या परिपत्रकानं हायसं वाटतं. दिवाळीच्या भेटींचा बोजा त्यांनाही नको असतो.

एक भेटवस्तू नोंदवही सुरू करा. तारीख, कुणाकडून, कुणासाठी, वस्तूचं वर्णन, काय केलं, पोच क्रमांक. ती आवक शाखेत उघड्यावर ठेवा. लाचलुचपत विभागाचा दक्षता जनजागृती सप्ताह साधारण ऑक्टोबरच्या शेवटी येतो, बहुधा दिवाळीच्याच आगेमागे. प्रतिज्ञा घ्यायची असते, तेव्हाच ही वही सगळ्यांना दाखवा.

आणि जे आधीच घेतलं आहे त्याचं काय

हा प्रश्न लोक मला कार्यालयात विचारत नसत, जिन्यात गाठून विचारत. उत्तर असं: वस्तू अजून आहे तशी असेल तर वरच्याच पत्रासह परत करा, फक्त मिळाल्याची खरी तारीख लिहा. मागची तारीख पुढे ओढू नका, आजचं पत्र जुन्या तारखेचं करू नका. वापरून संपली असेल तर किमतीचा अंदाज लिहून वरिष्ठांना लेखी कळवा आणि रक्कम कशी परत करायची याचा आदेश मागा. त्याच पत्रात विनंती करा की त्या फर्मची फाइल माझ्याकडून काढून घ्यावी. प्रकरण मोठं असेल, रोख रक्कम असेल, तर पत्रावर सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. पत्र दिल्यानं माफी मिळेलच असं नाही. मला लेखी समज मिळाली आणि ती सेवापुस्तकाच्या फाइलमध्ये शेवटपर्यंत राहिली.

ते नाणं परत करतानाचं माझं पत्र अर्ध्या पानाचं होतं. ते लिहायला मी वसुबारसेपासून फेब्रुवारीपर्यंत वेळ लावला. तुमच्या कपाटात असं काही असेल तर आज रात्री लिहा, आणि उद्या कार्यालय उघडताच आवक-जावकला द्या.